दीड हजारात इअरबड्स घेताना

दीड हजारात चांगले इअरबड्स मिळतात, फक्त डब्यावरच्या मोठ्या अक्षरांना भुलू नकोस. ‘ईएनसी’ आणि ‘एएनसी’मध्ये एका अक्षराचा फरक, पण काम पार वेगळं. ईएनसी माइकसाठी असतं: तू बोलतोस तेव्हा समोरच्याला गोंगाट कमी जातो. तुझ्या कानातला आवाज त्यानं रत्तीभर कमी होत नाही, त्यासाठी एएनसी लागतं. लातूर-नांदेड एसटीत बसून लेक्चर ऐकायचं म्हणून मी ईएनसीवाले घेतले होते. खिडक्यांचा खडखडाट जसाच्या तसा!

स्वस्तातल्या एएनसीपेक्षा कानात घट्ट बसणारी रबरी टोपी जास्त कामाची. सोबत 3 मापांच्या टोप्या येतात, तिन्ही लावून बघ. माझ्या डाव्या कानाला मधली बसते, उजव्याला लहान. टोपी सैल असली की बेस गायब होतो, मग आपण आवाज वाढवत बसतो आणि कान दुखतात.

बॅटरीचे ‘40 तास’ चार्जिंगच्या डबीसकट मोजलेले असतात. एका चार्जमध्ये बड्स किती चालतात, ते विचार. घामासाठी आयपीएक्स4, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसण्याची खूण, पुरे. उन्हाळ्यात मात्र डबी गाडीच्या डिक्कीत ठेवू नकोस, आपल्याकडच्या उन्हात बॅटरी लवकर खराब होते.

आणि बिल जपून ठेव रे. वॉरंटी 1 वर्षाची असली तरी सर्व्हिस सेंटर तुझ्या गावाजवळ कुठं आहे, ते घेण्याआधीच बघ.