झोपडपट्टीतल्या डॉक्टरवर क्राइम थ्रिलर लिहितोय, डॉक्टरने स्वतःच खुनी शोधून काढणं पटेल का?

मला तरी नाही पटणार. गोवंडीत २२ वर्षं दवाखाना चालवतेय, दिवसाला सत्तर-ऐंशी पेशंट, पावसाळ्यात त्याहून जास्त, कोणाच्या मागावर जायला वेळ आणायचा कुठून?

तुमचा थ्रिलर डॉक्टरच्या सहीत आहे. घरी माणूस गेला की डॉक्टरचा दाखला लागतो, फॉर्म ४ए, त्यावर मृत्यूचं कारण लिहून सही. त्याशिवाय अंत्यविधी होत नाही. म्हणून रात्री-अपरात्री शटर वाजतं.

२००९च्या पावसाळ्यात असंच वाजलं. तीन पुरुष, "मॅडम, बहू को अटॅक आया, बस साइन कर दो." बॉडी बघितल्याशिवाय मी सही करत नाही, गेले. पोरगी तेवीस वर्षांची, लग्नाला तीन वर्षं. एवढ्या उकाड्यात ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली. सोडवली तर गळ्यावर तपकिरी पट्टा, आडवा, सगळीकडून सारखा, कंठाच्या खाली. फास घेतलेल्याचा व्रण बहुतेक वेळा वर असतो आणि तिरका कानामागे जातो. पापणी उलटून बघितली तर आत रक्ताचे बारीक ठिपके. अटॅक नाही, गळा आवळल्याचा संशय आला. सासू माझा हातच सोडेना. एकाने पाच हजार खिशात कोंबायला घेतले. मी बाहेर येऊन पोलिसांना फोन केला, बॉडी पोस्टमॉर्टेमला राजावाडी हॉस्पिटलला गेली.

नंतर सहा महिने निम्मे पेशंट आले नाहीत. साक्षीला चार वर्षांनी बोलावलं. आणि ज्या सीनिअरने मला ही जागा मिळवून दिली ते म्हणाले, गल्लीत राहून गल्लीशी वैर करू नये, 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून मोकळी झाली असतीस. कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट हे कारणच नाही सर, प्रत्येक माणूस मरताना हृदय आणि श्वास थांबतातच! तेव्हा मी गप्प बसले, आज लिहितेय. तुमच्या कादंबरीत असा एक सीनिअर नक्की घ्या, प्रेमळ, गरिबांकडून फी न घेणारा, आणि वाटेल त्या कागदावर सही करणारा. खुन्याला त्याच्याइतका उपयोगी माणूस वस्तीत दुसरा नसतो.

कायद्याचं वकिलाला विचारून घ्या, २०२४ पासून कलमांचे नंबर बदललेत. लग्नाला ७ वर्षं व्हायच्या आत बाई अशी गेली की दंडाधिकारी चौकशी करतात, ते नव्या कायद्यातही आहे. आणि सगळे डॉक्टर सीनिअरसारखे नसतात, एकटा माणूस घाबरतो हेही खरं, मीपण त्या रात्री घाबरले होते.

त्या घरातली धाकटी जाऊ अजून माझ्याकडे मुलांना घेऊन येते. सासूला न सांगता, दुपारी, गर्दी नसताना.