ऑपरेशन झालं, वजनही उतरतंय. मग अंगात त्राण का नाही?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : मी चिपळूणला पतसंस्थेत रोखपाल आहे, वय ४१. पाच आठवड्यांपूर्वी पुण्याला वजन उतरवायचं, दुर्बिणीतून स्लीव्हचं ऑपरेशन झालं. नऊ किलो उतरले. पण केस विंचरतानाही हात भरून येतात, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. सकाळी चहा, मग पेज, दुपारी वरणाचं पाणी, संध्याकाळी सोलकढी, रात्री परत पेज एवढंच घेते. बीपीची गोळी पहिल्यासारखीच चालू आहे. सोमवारपासून हजर व्हायचं आहे, एसटीने पाऊण तास लागतो. रजा वाढवू का?

उत्तर : रजेचा अर्ज जरा बाजूला ठेवा, आधी वाटीत काय पडतंय ते बघू. स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ ८० टक्के भाग काढून टाकतात. त्यामुळे पहिला महिनाभर दिवसाला सहाशे-आठशे कॅलरी पोटात गेल्या तरी पुष्कळ. एवढ्यावर थोडा थकवा यायचाच. पण तुम्ही लिहिलेल्या दिवसभराच्या खाण्यात प्रथिनं जेमतेम दहा-पंधरा ग्रॅम भरतात आणि लागतात किमान ६०. उरलेली गरज शरीर स्वतःचे स्नायू मोडून भागवतं. हात भरून येतात ते यामुळेच. काट्यावर उतरलेल्या नऊ किलोंत चरबीबरोबर थोडे स्नायूही गेलेत.

पाचवा आठवडा म्हणजे मऊ अन्नाचा टप्पा. तुमच्या सर्जनने वेगळं काही सांगितलं नसेल, तर ६० ग्रॅमचा हिशेब असा बसतो : प्रोटीन पावडरचा डब्यातल्या मापाचा एक चमचा (२०-२४ ग्रॅम प्रथिनं), एक मऊ उकडलेलं अंडं (६), दोन बोटांएवढा, म्हणजे ५० ग्रॅम उकडलेला सुरमईचा किंवा रावसाचा तुकडा (१०), ५० ग्रॅम मऊ पनीर (९), पेलाभर दूध (६) आणि अर्धी वाटी दाट कुळथाची पिठी (४-५). पेज सोडायची नसेल तर पावडर तिच्यात घाला, पण उकळत्या पेजेत नको, गुठळ्या होतात. पेज कोमट झाली की पावडर आधी चमचाभर पाण्यात कालवून मग ओता. मांदेली, पेडवे काट्यांमुळे सध्या नकोत. कोळंबी चिवट असते, तिला दोन महिने थांबवा. तळलेलं आणि सुकं तर नकोच. जूनमध्ये यांत्रिक होड्या बंद झाल्या की माशाच्या जागी दुसरं अंडं आणि घट्ट दही घ्या.

आता अंधारीबद्दल. तिची दोन कारणं संभवतात आणि दोन्ही एकदम असू शकतात. एक म्हणजे पाणी कमी पडतंय. आपल्या दमट हवेत घामानेच बरंच जातं आणि या जठराला गटागटा प्यायलेलं चालत नाही. अर्ध्या लिटरची बाटली टेबलावर ठेवा, दर पाच-दहा मिनिटांनी एक घोट घ्या. दिवसाला तीन-चार बाटल्या झाल्या पाहिजेत. खाण्याआधी आणि नंतर अर्धा अर्धा तास मात्र पाणी नाही. कोकम चालेल, पण बाजारातलं गोड सरबत नको, आगळात पाणी घालून बिनसाखरेचं घ्या. दुसरं कारण बीपीची गोळी. वजन उतरतं तसं बीपीही उतरतं, आणि जुना डोस जास्त होऊ लागतो. बीपी बसून आणि नंतर उभं राहून असं दोन वेळा मोजून घ्या आणि डॉक्टरांना दोन्ही आकडे सांगा. डोस तेच ठरवतील, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

बैठं काम दोन ते चार आठवड्यांत सुरू करता येतं, म्हणजे तुमची वेळ तशी झालीच आहे. तरी आठवडाभर अर्धा दिवस मागा. अंधारी मात्र थांबल्याशिवाय एसटीत एकटीने चढू नका, आणि चढलात की मागची बाकं टाळा, खड्ड्यांचे हिसके तिथेच जास्त बसतात. नाण्यांच्या पिशव्या दुसऱ्याला उचलू द्या. सहा आठवडे पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही. साहेबांना आधीच सांगून ठेवा की अकराला आणि चारला दहा मिनिटं आणि जेवायला पुरा अर्धा तास लागेल. अर्धी वाटी खायला खरोखरच तेवढा वेळ लागतो. घाईत खाल्लं की घास छातीत अडकतो, तोंडाला पाणी सुटतं आणि सगळं उलटून पडतं. कॅश मोजता मोजता डबा खायची सवय आता विसरायची.

प्रश्न : देवगड. वय ३६, मासळीच्या लिलावाचं काम. तीन महिन्यांपूर्वी वजनासाठी जठराची बायपास झाली. दुसऱ्या महिन्यात एकदम तरतरी आली होती, आता पुन्हा दम लागतो. गोळ्यांनी मळमळतं म्हणून सोडल्या. पहाटे बंदरावर चहा-बटर घेतो, मग दोनेक तासांनी घाम फुटतो, हात कापतात. खांदे दुखले की दुकानातून गोळी आणून घेतो. बर्फाचे क्रेट उचलू का?

उत्तर : सुरुवातीचा थकवा कमी होत जातो. कमी होऊन पुन्हा वाढलेल्या थकव्यामागे काही कारण असतंच, ते शोधायला रक्त तपासा : हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी-१२, फोलेट आणि डी ही जीवनसत्त्वं आणि थायरॉइड. आमचा पहिला संशय लोहावर आहे. ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि बायपासमध्ये अन्न नेमकं तेवढाच भाग टाळून पुढे जातं. बी-१२चा साठा यकृतात असतो, तीन महिन्यांत तो सहसा संपत नाही. पण आधी वर्षानुवर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर साठा मुळातच कमी असू शकतो.

गोळ्या या ऑपरेशनचाच भाग आहेत आणि जन्मभराच्या आहेत. साधारण डोस असा : लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम, बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० चं इंजेक्शन, डी-३ रोज ३००० युनिट, कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, तेही दोन-तीन वेळांत विभागून. कॅल्शियम सायट्रेट मागा. कार्बोनेटला जठरातलं आम्ल लागतं आणि ते तुमच्याकडे आता नावापुरतंच आहे. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नका. मळमळ होते ती बहुधा रिकाम्या पोटी लोह घेतल्याने. रात्री, काही खाऊन घ्या. तरी होत असेल तर गोळीचा प्रकार बदलून मिळतो.

घाम आणि थरथर चहा-बटरमुळे. साखर आणि मैदा भर्रकन आतड्यात उतरतो, रक्तातली साखर चढते, इन्सुलिन नको तितकं सुटतं आणि तासा-तीन तासांत साखर खाली कोसळते. बंदरावर जाताना उकडलेलं अंडं खिशात न्या, चहा बिनसाखरेचा घ्या. मधुमेहाची गोळी अजून चालू असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा.

दुकानातली ती गोळी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असेल तर कायमची बंद. जठराच्या नव्या जोडावर तिने व्रण पडतो; विडी आणि तंबाखूनेही तेच होतं. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर थांबू नका (लोहाच्या गोळीनेही रंग गडद होतो, पण तुम्ही तर ती घेतच नाही आहात). दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल.

क्रेट उचलायला तीन महिन्यांनंतर टाके आड येत नाहीत, रक्त कमी असेल तर ते येतं. रिपोर्ट हाती येईपर्यंत लिलाव पुकारा आणि हिशेब बघा, भरलेला क्रेट दोघांनी मिळून धरा.

प्रश्न : आईची स्लीव्ह होऊन महिना झाला. आठ दिवस रोज उलट्या होतायत. गावात ग्लुकोजचं सलाइन लावलं, तरी चालताना झोकांड्या जातात, एकाचे दोन दिसतात. (गुहागर)

उत्तर : या वाचकाला आम्ही लगेच कळवलं आहे, इथे छापतोय ते इतरांसाठी. ही नुसती अशक्तता नाही. बी-१ म्हणजे थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो, उलट्यांत तो संपतो आणि मेंदूला इजा होऊ लागते. थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर ती वाढते. रुग्णाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या आणि दारातच सांगा : 'वजनाचं ऑपरेशन झालंय, उलट्या चालू आहेत, ग्लुकोजच्या आधी शिरेतून थायमिन द्या.' डिस्चार्ज कार्ड सोबत असू द्या. नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात कळ, अचानक धाप किंवा एकाच पोटरीला सूज यांपैकी काहीही दिसलं तरी असंच, सकाळची वाट न बघता निघायचं.