घाव तुमचा, जखम त्याची : लिखित रोलप्लेच्या शिष्टाचाराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : महिन्याभरापूर्वी मी लिखित रोलप्लेच्या, म्हणजे प्रत्येकाने आपापले पात्र घेऊन पाळीपाळीने एकच कथा लिहिण्याच्या, एका ऑनलाइन गटात सामील झालो. पहिल्याच द्वंद्वात मी लिहिले की माझ्या योद्ध्याने, अग्निवर्णाने, एका घावात समोरच्या सेनापतीचा उजवा हात तोडला आणि सेनापती गुडघ्यांवर येऊन दयेची याचना करू लागला. समोरच्या व्यक्तीने त्यानंतर एक ओळही लिहिली नाही आणि मॉडरेटरने मला ‘पॉवरप्ले करू नका’ अशी ताकीद दिली. लढाईत जिंकण्याचा प्रयत्न करणे चुकीचे कसे?

उत्तर : प्रयत्न करण्यात काहीच चूक नाही. चूक झाली ती प्रयत्नाबरोबर निकालही तुम्हीच लिहून टाकण्यात; यालाच पॉवरप्ले म्हणतात. तुमच्या त्या वाक्यात तीन गोष्टी आहेत : घाव घातला, हात तुटला आणि सेनापतीने दया मागितली. यांपैकी फक्त पहिली तुमच्या अधिकारातली आहे. उरलेल्या दोन्ही सेनापती ज्याने घडवला त्याच्या आहेत, आणि त्यातही तिसरी अधिक जिव्हारी लागणारी आहे, कारण हात तुटणे हा एक वेळ युद्धातला अपघात म्हणता येईल, पण दया मागणे हा स्वभावाचा भाग आहे. मोडेन पण वाकणार नाही अशा बाण्याचा माणूस कोणी मन लावून उभा केला असेल आणि पहिल्याच भेटीत एका अनोळखी व्यक्तीने त्याला गुडघ्यांवर आणले असेल, तर पुढे काय लिहावे हेच त्याला सुचणार नाही.

हा संकेत इतका कडक का, हे या छंदाच्या घडणीवरून कळते. 1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा एकत्र बसून एकेक पात्र वठवण्याचा खेळ आला, तेव्हा घाव लागला की हुकला हे फासे सांगत आणि वाद झालाच तर निवाडा करायला डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, असे. 1978 मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ हा अनेकांनी एकाच वेळी खेळण्याचा मजकुरी खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी तो पुढे नेला. तिथे फाशांचे काम संगणकाकडे गेले. 1989 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात जिम ॲस्पनेस यांनी ‘टायनीमड’ तयार केला, त्यात मात्र राक्षस मारून गुण मिळवण्यापेक्षा गप्पांना आणि नवनव्या खोल्या रचण्याला महत्त्व होते. त्या परंपरेतल्या खेळांत ‘पोज’ नावाची आज्ञा असते. ती दिली की तुम्ही टाइप केलेले वाक्य तुमच्या पात्राच्या नावापुढे जसेच्या तसे सर्वांच्या पडद्यावर उमटते, आणि ते घडणे शक्य होते की नाही याची छाननी संगणक करीत नाही. आजचे बहुतेक लिखित रोलप्ले याच धाटणीचे आहेत. काही गटांत फासे टाकणारा बॉट असतो, पण तुमच्या गटात तसा तो दिसत नाही, त्यामुळे घाव लागला की नाही हे ज्याच्या अंगावर तो आला तोच ठरवणार.

तुमची तीच पोस्ट अशी लिहिता आली असती : ‘अग्निवर्णाने एक पाऊल पुढे टाकले आणि दोन्ही हातांनी उचललेली तलवार सेनापतीच्या उजव्या खांद्याच्या रोखाने खाली आणली. सगळा जोर त्या घावात गेल्याने त्याची डावी कूस क्षणभर उघडी पडली.’ इथे घाव तितकाच भीषण आहे, पण तो वाक्याच्या शेवटी हवेतच राहतो. सेनापतीला तो ढालीवर घेता येईल, निसटता लागू देता येईल किंवा अंगावर घेऊन उघड्या पडलेल्या कुशीत वार करता येईल. ही उघडी कूस माझ्या मते नवख्याने सर्वांत आधी शिकण्याची गोष्ट आहे, कारण तिच्यामुळे समोरच्याला लिहिण्यासारखे काहीतरी हाती लागते.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. आता सेनापतीचा उलटा वार येईल तेव्हा तुमचा योद्धा दर वेळी वाऱ्यासारखा बाजूला होऊ लागला, तर त्याला गॉडमॉडिंग म्हणतात आणि तोही पॉवरप्लेइतकाच कंटाळवाणा दोष आहे. अधूनमधून एखादा वार अंगावर घ्यावा, रक्त येऊ द्यावे आणि ती जखम पुढच्या चार पोस्टींत विसरू नये. अजिंक्य योद्ध्याची लढाई वाचताना मला स्वतःला जांभई आवरत नाही.

झालेल्या गोष्टीसाठी कथेबाहेर दोन ओळी लिहा. कथेबाहेरच्या बोलण्याला ओओसी (‘आउट ऑफ कॅरॅक्टर’) म्हणतात आणि ते दुहेरी कंसात लिहिण्याची रीत आहे. ((मागच्या पोस्टमध्ये तुमच्या पात्राच्या वतीने मीच निर्णय घेतला, ते चुकले. तुमची हरकत नसेल तर घाव घातला तिथपर्यंतच ती पोस्ट धरू या.)) एवढे पुरेसे आहे. स्पष्टीकरणाचे लांबण लावू नका.

प्रश्न : माझे सहलेखक तीन-तीन परिच्छेद लिहितात आणि मला एक-दोन ओळींपलीकडे सुचत नाही. यात त्यांचा अपमान होतो का?

उत्तर : अपमान होत नाही, पण त्यांची अडचण मात्र होते. लांबीपेक्षा पाहायचे ते हे की तुमची पोस्ट वाचून दुसऱ्याला उत्तर देता येते का. ‘ती हसली’ या पोस्टला उत्तर नाही. ‘ती हसली, पण टेबलावरची किल्ली तिने नकळत मुठीत झाकून घेतली’ ही पोस्टही एकाच वाक्याची आहे, पण आता समोरचे पात्र किल्लीविषयी विचारू शकते, न पाहिल्यासारखे करू शकते किंवा तिचे मनगट धरण्यासाठी हात पुढे करू शकते. साधारणपणे समोरच्याच्या निम्म्याने तरी लिहावे असे मी सुचवेन. शब्द वाढवण्यासाठी सूर्यास्ताचे वर्णन मात्र ओतू नये. प्रसंगात तिघे-चौघे असतील तर प्रत्येकाची एक पाळी होईपर्यंत दुसरी पोस्ट टाकू नये. वेगाने टाइप करणाऱ्याचा उत्साह इतरांना ढकलाढकलीसारखा वाटतो.

प्रश्न : एका पात्राने बंद दालनात कटाचे पत्र लिहिले. माझे पात्र तिथे नव्हते, पण ती पोस्ट मी वाचली होती, म्हणून पुढच्या प्रसंगात मी तो कट उघड केला. यावर आक्षेप आला.

उत्तर : आक्षेप रास्त आहे. याला मेटागेमिंग म्हणतात. तुम्ही वाचलेले सगळे तुमच्या पात्राला ठाऊक नसते. कट उघडकीला यावा असे तुम्हाला वाटत असेल तर ते कथेबाहेर सरळ विचारावे. पत्र पोहोचवणारा नोकर वाटेत तुमच्या पात्राला भेटला तर चालेल का, असा प्रश्न विचारला की कटवाला बहुतेक वेळा आनंदाने हो म्हणतो, कारण पत्र कोणाच्या तरी हाती लागावे अशी त्याचीही मनोमन इच्छा असतेच.

प्रश्न : कथेतला खलनायक माझ्या पात्राला वाटेल ते बोलतो आणि हल्ली प्रसंग हिंसक व कधी कधी शारीरिक जवळिकीकडे झुकतात. ‘ही तर कथा आहे’ असे उत्तर मिळते. नाही म्हटले तर मी खिलाडू नाही असे ठरेल का?

उत्तर : ठरणार नाही, आणि कोणी तसे ठरवले तर तो गट सोडण्यासारखा आहे. दोन गोष्टी मात्र वेगळ्या कराव्या लागतील. खलनायकाचे अपमान हे खलनायकाचे असतात, त्यामागच्या लेखकाचे नव्हेत. तरीही ते मनाला लागणे स्वाभाविक आहे, आणि पात्राच्या भावना अशा लेखकात झिरपण्याला या मंडळींनी ‘ब्लीड’ असा शब्दच ठेवला आहे. अशा वेळी पात्राच्या तोंडून चिडून उत्तर देऊ नये. ओओसी लिहावे की हे बोलणे मला जड जात आहे, सूर थोडा बदलू या.

हिंसेची आणि जवळिकीची गोष्ट याहून गंभीर आहे. ‘फक्त शब्दच तर आहेत’ हा युक्तिवाद जुना आहे. पावेल कर्टिस यांनी झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात 1990 मध्ये सुरू केलेल्या ‘लॅम्डामू’ या मजकुरी जगात 1993 साली एका सहभागीने छोटासा प्रोग्रॅम वापरून इतरांची पात्रे लैंगिक व हिंसक कृत्ये करीत असल्याची वाक्ये सर्वांसमोर उमटवली. ज्यांची ती पात्रे होती, त्यांना झालेला त्रास खरा होता. बरीच चर्चा झाली, एका प्रशासकाने त्या इसमाचे पात्र काढून टाकले आणि पुढे कर्टिस यांनी सभासदांच्या मतदानाने निर्णय घेण्याची पद्धत आणली. नीट पाहिले तर पहिल्या प्रश्नातल्या तुटलेल्या हाताचेच हे टोक आहे : दुसऱ्याच्या पात्राचे त्याला न विचारता लिहिणे.

म्हणून नवे कथानक सुरू होण्याआधीच आपल्याला काय चालत नाही हे सांगून ठेवावे. प्रसंग मध्येच नको वाटू लागला तर ‘इथे पडदा टाकू या’ असे लिहावे आणि कथा दुसऱ्या सकाळपासून पुढे न्यावी. कारण देणे बंधनकारक नाही. लेखकांपैकी कोणीही अठरा वर्षांखालील असेल तर लैंगिक प्रसंग मुळीच लिहू नयेत, पात्राचे वय कितीही असो. खरे नाव, फोन नंबर किंवा फोटो मागणाऱ्याला ते न देता पात्राच्याच नावाने बोलत राहा, आणि तो मागे लागला तर मॉडरेटरला कळवा.

प्रश्न : परीक्षेमुळे मला दोन महिने लिहिता येणार नाही. न सांगता थांबले तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. तुमची पाळी आहे म्हणून बाकीचे आठ-दहा दिवस वाट पाहत राहतात आणि मग एकेक जण गळतो. किती दिवस नसाल ते ओओसी कळवा, आणि पात्राला पुढच्याच पोस्टमध्ये पटेल अशा कारणाने प्रसंगातून बाहेर काढा : घोड्याचा पाय मुरगळला आहे, ती मागून येणार आहे, तोवर तंबूची आणि नकाशाची जबाबदारी तिने सोबत्यावर सोपवली आहे. नकाशा आठवणीने द्या, नाहीतर मंडळी दोन महिने त्याच खिंडीत बसून राहतील.