मुलीचा रविवार काढून घेतला म्हणजे एमपीएससी होत नाही

(पत्र थोडक्यात : आम्ही मूळचे अमळनेर तालुक्यातले, १९९६ पासून सुरतला. आधी लूमवर होतो, आता साड्यांच्या फोल्डिंग-पॅकिंगचं छोटं काम आहे. मुलगी २१ वर्षांची, बी.कॉम. शेवटचं वर्ष, ६४ टक्के. रविवारी सोसायटीच्या गच्चीवर चार-पाच मुलींबरोबर अहिराणी गाण्यांवर नाच बसवते, व्हिडिओ टाकते, नवरात्रीत गरबा चुकवत नाही, आणि यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दहा दिवस गावाला राहायचं म्हणते. समाजातले लोक विचारतात. पोरगी ना आठली ना तठली, म्हणजे ना इथली ना तिथली, झालीय. धाकटा मुलगा क्रिकेट खेळतो पण त्याचं वय आहे. मुलीला जळगावला हॉस्टेलला टाकून एमपीएससीच्या क्लासला घालायचंय म्हणजे हे सगळं बंद होईल. दोन वर्षांनी लग्न करायचंच आहे. क्लास कोणता चांगला ते सांगा.)

भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि क्लासचं नाव आत्ता सांगणार नाही हे आधीच सांगतो. कारण पूर्ण पत्रात मुलीला काय व्हायचंय याचं एकही वाक्य नाहीये. तुम्हाला काय वाटतं ते आहे, समाजाला काय वाटतं ते आहे, लग्न कधी ते आहे. आणि एमपीएससी तिथे परीक्षा म्हणून आलेली नाही, रविवार बंद करायचा उपाय म्हणून आलीये. ज्या परीक्षेला पोरं दोन-तीन वर्षं घालवतात आणि तरी बहुतेकांचं होत नाही, ती परीक्षा शिक्षा म्हणून कोणाला द्यायची नसते. ६४ टक्क्यांची मला अजिबात काळजी वाटली नाही, काळजी वाटली ती तुमच्या एका ओळीची.

"धाकटा मुलगा क्रिकेट खेळतो पण त्याचं वय आहे." मग मुलीचं वय नाहीये का? दोघांचा रविवार एकाच घरातला, दोघं घराबाहेर पडतात, दोघं मित्रमैत्रिणींत असतात, पण एकाचा खेळ होतो आणि दुसरीचं "लोक विचारतात" होतं. जळगावला माझ्याकडे सुरत, वापी, कल्याण, नाशिकच्या अंबड-सातपूरकडे गेलेल्या आपल्या खान्देशी घरांतली मुलं-मुली सल्ल्यासाठी येतात आणि हा प्रकार मी सारखा बघतो. घर गाव सोडून परगावी जातं तेव्हा गावाची अब्रू सांभाळायचं काम नकळत मुलींकडे येतं, मुलगा सुरतचा झाला तरी चालतो, मुलीने मात्र गावचीच राहायचं, आणि तेही बापाला आठवतं त्या गावची. तिने कसं बोलायचं, किती वाजता यायचं, कशावर नाचायचं, सगळं त्यावर मोजलं जातं. हे तुम्ही मुद्दाम करताय असं मी म्हणत नाही. पण करताय, आणि त्याचं ओझं ती उचलतेय.

आणि तुम्ही सोडलेलं १९९६ चं गाव आता तिथे नाहीये हो. तुमच्याच गावातल्या मुली आज स्कूटीवर अमळनेरला कॉलेजला जातात, आपल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीत डीजे असतो आणि बायका मनसोक्त नाचतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन, त्या दोन दिवसांसाठी सुरतहून माणसं गाड्या भरभरून येतात, तुम्हीही येत असाल. तिथे बायका जी गाणी म्हणतात तीच तुमची मुलगी गच्चीवर म्हणतेय, तिला ती कोणी शाळेत शिकवली नाहीत, घरातूनच उचललीत. बऱ्याच घरांत रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू अजूनही पुरुषमाणसांच्या नावाने मोजतात. म्हणजे जिच्या नावाचे गहू मोजले जात नाहीत ती पोरगी रविवारची सुट्टी खर्च करून देवीची गाणी जपतेय आणि तिलाच आपण म्हणतोय की तू खान्देशची राहिली नाहीस. हे मला फार लागलं, भाऊ.

आखाजीचं पण तसंच. आखाजी हा आपल्याकडे लेकीबाळींचा सण. सासरी राबणारी पोरगी माहेरी येते, झाडाला झोका बांधतात, गौराईची गाणी होतात, पुरुष पत्ते कुटत बसतात, चार दिवस कोणी तिला काम सांगत नाही. आपल्या आज्या-पणज्यांना वर्षभरात हक्काची मोकळीक कुठली होती म्हणाल तर ही होती, आणि समाजाने ती मान्य केलेली होती, कोणी विचारायला येत नव्हतं. तुम्ही गावाहून सुरतला कळण्याची भाकरी नेली, कानबाई नेली, भाऊबंदकी नेली, लग्नाची घाई पण नेली, पण मुलींना मोकळं सोडायचे हे चार दिवस मात्र तिथे नेले नाहीत. मुलगी ते मागतेय, म्हणजे तुमचीच परंपरा मागतेय. दहा दिवस जाऊ द्या तिला, तिच्या आत्याकडे, काकूकडे, जिथे असेल तिथे.

आता "ना आठली ना तठली" बद्दल, कारण हा गैरसमज फक्त तुमचा नाही, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त पालकांचा आहे. आपण समजतो की पोराने एक काहीतरी निवडावं, पक्कं सुरती व्हावं नाहीतर पक्कं खान्देशी राहावं, दोन्ही धरलं की डोकं फिरतं, अभ्यास जातो, संस्कार जातात. खरं उलट आहे. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक मोठा अभ्यास मांडला, १३ देशांतली स्थलांतरित घरांतली पाच हजारांवर मुलं, १३ ते १८ वयाची. आईबापाची संस्कृती आणि राहतो तिथली संस्कृती दोन्ही धरून असलेली मुलं त्यांना सगळ्यात जास्त सापडली, आणि मनाने आणि शाळेत-समाजात एकूण सगळ्यात बरी तीच होती. सगळ्यात जास्त त्रासात होती ती धड कुठेच नाळ न जुळलेली मुलं. ते लोक देश सोडून गेलेले, तुम्ही राज्य सोडून गेलेले, तेवढा फरक धरा, पण तुमच्या घरातही तेच दिसतंय. तुमची मुलगी नवरात्रीत गरबा करते आणि रविवारी अहिराणी गाणी बसवते, म्हणजे ती दोन्हीकडची आहे. तुम्ही तिचं गच्चीवरचं बंद केलं, गरबा बंद केला, मैत्रिणींपासून तोडून जळगावच्या हॉस्टेलला एकटी टाकली, तर "ना आठली ना तठली" तेव्हा होईल. आणि जळगावच्या मुली तिला सुरतवाली म्हणतील ते वेगळंच.

अहिराणीला तुम्ही पत्रात "गावंढळ भाषा, मार्कांना उपयोग नाही" असंही लिहिलंय. २०११ च्या जनगणनेत खान्देशी, ज्यात अहिराणी मोजतात, ती मातृभाषा सांगणारी १८ लाखांवर माणसं आहेत. तुमच्या मुलीने आठवीपर्यंत पालिकेच्या मराठी शाळेत काढलं, पुढे गुजरातीत शिकली, हिंदी येतेच, घरात अहिराणी. चार भाषांत सहज वावरणारी मुलगी आहे ही, आणि तुम्ही मला तिची अडचण म्हणून सांगताय. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला ज्या राज्यातून अर्ज करतो त्या राज्याची भाषा लिहिता-वाचता-बोलता यावी लागते. तिला गुजरात आणि महाराष्ट्र दोन्ही दारं उघडी आहेत, किती मुलांना असतात अशी?

परीक्षांचं एवढंच. एमपीएससी राज्यसेवेला पदवी लागते आणि मराठी नीट यावं लागतं, मुख्य परीक्षा आता लेखी वर्णनात्मक झालीये, म्हणजे मराठीत पानंच्या पानं लिहायचा सराव हवा. पण महिला आरक्षण किंवा जातीच्या आरक्षणाचा फायदा महाराष्ट्रात घ्यायचा असेल तर इथला अधिवास दाखला लागतो आणि तो साधारण १५ वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो, गावात घर आहे, सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्यावर नाही. मुलगी जन्मापासून सुरतला आहे, तेव्हा क्लासची फी भरायच्या आधी अमळनेरच्या तहसीलमध्ये जाऊन हे विचारा, नाहीतर दोन वर्षं अभ्यास करून फॉर्म भरताना कळायचं. बी.कॉम.ला ५५ टक्क्यांच्या वर आहे म्हणजे सीए करायचं असेल तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट पुढच्या इंटरमिजिएटला जाता येतं. सुरतच्या कापड मार्केटमध्ये अकाउंट्स आणि जीएसटीचं काम येणाऱ्या माणसाला काम कमी पडत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आणि हो, मी असंही म्हणत नाहीये की मग तिला व्हिडिओतच करिअर करू द्या. हल्ली हे पण एक झालंय, मूल काही आवडीने करायला लागलं की अर्धे पालक ते बंद करायला बघतात आणि अर्धे त्यातून पैसे काढायला बघतात. सब्स्क्राइबर किती, महिन्याला किती मिळेल, क्लास काढता येईल का. काही गोष्टी फक्त रविवारी करायच्या असतात. आठवडाभर कॉलेज, घरकाम, तुमच्या पॅकिंगला हातभार, (तिने संध्याकाळी तुमच्याकडे हिशोब बघायला बसायचं हे तुम्हीच लिहिलंय), एवढं करून ती तीन तास मैत्रिणींबरोबर नाचते. त्या तीन तासांचा उपयोग काय असं कोणी विचारू नये, तुम्ही पण नाही आणि मी पण नाही. व्हिडिओ टाकते तर अकाउंट कसं ठेवायचं, अनोळखी माणसाने मेसेज केला तर काय करायचं, घराचा पत्ता दिसेल असं काही टाकायचं नाही, एवढं तिच्याशी बसून बोला. ते बोलणं गरजेचं आहे, बंदी नाही. फोन काढून घेतला तर ती मैत्रिणीच्या फोनवरून करेल आणि तुम्हाला सांगणं बंद करेल, हे मी अनेक घरांत झालेलं बघितलंय.

समाजातल्या लोकांचं काय करायचं विचारता. विचारू द्या. त्यांना सांगा की मुलगी कानबाईची गाणी बसवते. बहुतेकांच्या घरात त्या गाण्यांची पुढची ओळ आता कोणाला येत नाही, एखादी काकू बसल्या बसल्या म्हणूनही दाखवेल. लग्नाचं म्हणाल तर २१ व्या वर्षी शेवटच्या सेमिस्टरला बसलेल्या मुलीच्या डोक्यावर दोन वर्षांची तारीख टांगून तुम्ही तिच्याकडून स्पर्धा परीक्षेची अपेक्षा करताय, हे दोन्ही एकत्र होत नाही. त्यातलं लग्न आत्ता बाजूला ठेवा, वहिनींशी पण याबद्दल बोला, त्यांचं पत्रात नावसुद्धा नाही आणि आखाजीला झोक्यावर बसलेल्या त्यांच्या स्वतःच्या आठवणी असणारच.

तर आता असं करा. मुलीची परीक्षा होऊ द्या, तिला गावाला जाऊन येऊ द्या, आणि आल्यावर मला पत्र तिला स्वतः लिहू द्या, मराठीत लिहो, गुजरातीत लिहो, अहिराणीत लिहिलं तरी मला वाचता येतं. कोणते विषय आवडले, कोणते नाही, सेमिस्टरचे मार्क, नोकरी करायचीये की पुढे शिकायचंय, सुरतला राहायचंय की इकडे यायचंय, एवढं लिहिलं की मी नीट उत्तर देतो, क्लासचं नावही त्यात सांगतो लागलं तर. तोपर्यंत जळगावच्या हॉस्टेलचा ॲडव्हान्स भरू नका.