तुमचं पत्र, बाईंचं उत्तर : शारजातल्या खोलीतला मसीह

प्रश्न : बाई, माझा मुलगा शारजात एसी दुरुस्तीच्या कामाला आहे. त्याच्या खोलीत पाकिस्तानातला एक पोरगा राहतो, फैसलाबादकडचा. नावापुढं मसीह लावतो, रविवारी पंजाबीत भजनं म्हणतो. तो माझ्या मुलाला म्हणाला, आमच्या गावात आमच्या पेल्यानं कुणी पाणी पीत नाही. पाकिस्तानात ख्रिस्ती आले कुठून? इंग्रजांनी नेऊन वसवले का? आता ते वाढतात की घटतात? दिवाळीचा फराळ दोघं मिळून खातात. नाताळात त्याच्यासाठी काय पाठवू?
– एक आई, परतूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पेल्याची ओळ वाचून माझी पणजी आठवली. ती जालन्याजवळच्या बेथेलची. ती ख्रिस्ती वस्ती रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या मुलखात वसवली, जमीन दिवाण सालारजंगांनी दिली. शेषाद्री जन्मानं ब्राह्मण, पण त्यांच्याभोवती जमले ते बहुतेक गावकुसाबाहेरचे. पणजी सांगायची, विहिरीवर तिची आई घागर घेऊन लांब उभी राहायची, वरून कुणी पाणी ओतलं तर भरायची.

पंजाबातली गोष्ट याहून वेगळी नाही. इंग्रजांनी कुणाला नेऊन वसवलं नाही. सियालकोट भागात मिराली नावाच्या गावी दित्त नावाचा माणूस होता. जातीनं चूहडा, म्हणजे झाडलोट आणि मेलेली जनावरं ओढणं ज्यांच्या माथी मारलेलं, ते लोक. पायानं अधू. कातडी विकत घेत गावोगाव फिरायचा. एका जाट ख्रिस्त्याकडून त्यानं येशूची गोष्ट ऐकली आणि १८७३ साली तो मिशनरी सॅम्युअल मार्टिन यांच्याकडे गेला. बाप्तिस्मा झाल्यावर मिशनच्या आवारात राहायचं सोडून दित्त म्हणाला, मी घरी जातो. मार्टिनसाहेबांना हे पटेना. नवा माणूस, शिकवण काहीच नाही, घरचे छळतील. दित्त तरीही गेला. घरच्यांनी छळलंच. पण काही महिन्यांत तो बायको, मुलगी आणि दोन शेजाऱ्यांना घेऊन सियालकोटला पायी परत आला. मग भाऊबंद, मग शेजारची गावं. मिशनऱ्यांनी अशी लाट कल्पिलीच नव्हती, त्यांचं लक्ष शिकलेल्या, वरच्या जातींकडे होतं. १८८१ साली अखंड पंजाबात देशी ख्रिस्ती चार हजारांच्या आसपास होते, १९३१पर्यंत ते चार लाखांच्या घरात गेले. हे सगळं एका लंगड्या चामडेवाल्याच्या पायपिटीतून सुरू झालं, हे मला फार मोठं वाटतं.

आणि भजनं. तुमच्या मुलाच्या कानावर पडतात ती बहुधा 'झबूर' असावीत. बायबलातली दीडशे स्तोत्रं इमामुद्दीन शहबाज यांनी पंजाबी पद्यात आणली. काम करता करता त्यांची दृष्टी गेली, तरी त्यांनी ते पुरं केलं. चाली पंजाबी, म्हणून अक्षर न येणाऱ्या बायांनाही ती पाठ झाली. आमच्याकडेही टाळ-मृदंगावरच्या भजनांनी हेच काम केलं.

मग ही माणसं गाव सोडून बाहेर कशी पडली? याचं मूळ १९४७मध्ये आहे. हे लोक बहुतेक शेतमजूर होते, कितीतरी जण शीख जमीनदारांकडे. फाळणीत शीख निघून गेले. त्यांची जमीन भारतातून आलेल्या मुसलमान निर्वासितांना मिळाली, आणि ते आपली शेती आपणच करू लागले. मजुरांचं काम गेलं, राहत्या झोपड्याही गेल्या. लाखो माणसं लाहोर, लायलपूर (म्हणजे आजचं फैसलाबाद), कराचीच्या कच्च्या वस्त्यांत शिरली. तिथे हातात पुन्हा झाडूच आला. सफाई कामगार हवेत, फक्त मुसलमानेतरांनी अर्ज करावेत, अशा जाहिराती तिकडे अगदी अलीकडेपर्यंत निघत आल्या आहेत. गटारात उतरणारा माणूस तिथे बहुधा ख्रिस्ती असतो. आपल्याकडे कोण उतरतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पेल्याबद्दल म्हणाल, तर पाकिस्तानातल्या ख्रिस्ती शेतमजूर आसिया बीबीचा खटला आठवा. २००९च्या उन्हाळ्यात शेखूपुरा जिल्ह्यातल्या एका शेतात बायका फालसे तोडत होत्या. आसियानं पाणी आणलं. तिचा हात लागलेलं पाणी आम्ही पिणार नाही, असं इतर बायका म्हणाल्या. शब्दानं शब्द वाढला, आणि तिच्यावर पैगंबरांच्या निंदेचा आरोप आला. २०१० साली फाशीची शिक्षा झाली. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर, स्वतः मुसलमान, जानेवारी २०११मध्ये मारले गेले. दोन महिन्यांत ख्रिस्ती मंत्री शहबाज भट्टी. सर्वोच्च न्यायालयानं तिला निर्दोष सोडलं ते ३१ ऑक्टोबर २०१८ला. त्या भांडणात आधी विटाळ आला, धर्म नंतर. बातम्यांत हे मागे पडलं.

वाढतात की घटतात? वाढतात. २०१७च्या जनगणनेत २६ लाखांच्या वर होते, २०२३च्या जनगणनेत सुमारे ३३ लाख, म्हणजे शेकडा १.३७. आता ही वाढ मुख्यतः घरातल्या लेकराबाळांची. पण ज्या वर्षी ते ३३ लाख मोजले गेले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फैसलाबाद जिल्ह्यातल्या जडांवाला शहरात वीसहून जास्त चर्चेस जाळली गेली, माणसं रात्र काढायला उसाच्या फडात लपली. हा मुलगा त्याच जिल्ह्याकडचा. तो आपण होऊन बोलला नाही, तर मुलाला म्हणावं, विचारू नको.

दुसरी बाजूही आहे. देशाचे सरन्यायाधीश ए. आर. कॉर्नेलियस ख्रिस्ती होते, १९६० ते १९६८. आणि दर सप्टेंबरात मरियमाबादला मरियामातेच्या यात्रेला लाखो लोक जातात, कितीजण पायी, कितीजण सायकलवर. पैठणच्या षष्ठीला चालत गेलेल्या माणसाला ती गर्दी ओळखीची वाटेल.

नाताळचं म्हणाल, तर करंज्या पाठवा. आमच्याकडे नाताळातही त्याच होतात. सारण गुळाचं करा, प्रवासात टिकतं. दोघांसाठी वेगळे डबे करू नका, एकच मोठा पाठवा.