तिसरा पंख मोडला, आता?

प्रश्न : आमची रावेर तालुक्यात केळीची बाग आहे. मुलगा अकरावी सायन्सला. बॅटरीवर उडणारं रिमोटचं ग्लायडर थर्माकोलचं बनवतो. वजन 900 ग्रॅम, पंख दोन मीटरचा. तो तिसऱ्यांदा हवेत मोडला (फोटो जोडला आहे), तरी चौथा सुरू. म्हणतो, एरोनॉटिकलच करणार. एका खासगी कॉलेजची फी ऐकून आमची झोप उडाली. बारावीपर्यंत हे बंद करायला लावू का?

उत्तर : भाऊ, बंद नका करू. रविवारपुरतं ठेवा. फीचं नंतर बोलू, आधी पंखाचं.

फोटोत पंख बुडाशी मोडलेला नाही. आतली कार्बन फायबरची नळी जिथे संपते, नेमका तिथे मोडलाय. आणि त्यावर आधीच्या डागडुजीची पॅकिंग टेप गुंडाळलेली दिसते. सगळे हेच करतात. वजन वाढतं, कच्ची जागा कच्चीच राहते.

त्याला बागेत नेऊन केळीचं पान दाखवा. मधला दांडा बुडाशी जाड, शेंड्याकडे बारीक होत जातो. मध्येच तुटक संपत नाही. पंखाला वाकवणारा जोर बुडाशी सर्वांत जास्त आणि टोकाला जवळजवळ शून्य, म्हणून बळकटीही त्याच हिशेबाने उतरत जायला हवी. नळीऐवजी पंखाच्या सर्वांत जाड भागात वर-खाली कार्बनच्या पट्ट्या बसवाव्यात, टोकाकडे निमुळत्या. विमान वर खेचलं की वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते. दाबलेली आधी मुडपते, म्हणून वरची थोडी जाड. (झटपट चिकटणारा गोंद थर्माकोलला लावू नये, तो थर्माकोल खातो. माझा अख्खा पंख असा गेलाय.)

आता वजन. रुंदी सरासरी 18 सेंटिमीटर धरली तर क्षेत्रफळ 36 चौरस डेसिमीटर, म्हणजे दर चौरस डेसिमीटरवर 25 ग्रॅम. टेप आणि जादा गोंद काढून 180 ग्रॅम उतरवले तर 20. तेवढ्याने, ज्या वेगाखाली विमान हवेत तरत नाही तो वेग साधारण दहा टक्क्यांनी कमी होतो. वीस टक्के वजन उतरवून वेग दहाच टक्के का, हे त्याला शोधू द्या. शोधताना तो रमतो की कंटाळतो, तेवढं बघा. मला माहितीपत्रकांपेक्षा त्यातून जास्त कळतं.

रमला, तर जेईईची तयारी मनापासून करू द्या. आयआयटी मुंबईचं एरोस्पेस किंवा तिरुवनंतपुरमची अंतराळ विज्ञानाची संस्था आयआयएसटी, दोन्हीकडे जेईई अ‍ॅडव्हान्स्डच लागते. नाही जमलं तरी कर्ज काढून नावापुरतं एरोनॉटिकल नको. जळगावच्या शासकीय अभियांत्रिकीत मेकॅनिकल करून पुढे गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एरोस्पेसचं एमटेक करता येतं. हिशेबाला कंटाळला पण हात स्वस्थ बसत नसेल, तर विमान देखभालीचा, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लायसन्सचा रस्ता बघा. ते काम डिझाइनचं नव्हे, हे मात्र आधीच समजावून सांगा. पायलटकी तिसरीच गोष्ट.

विमानतळाच्या आसपास उडवू नये; डीजीसीएच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावर परिसराचा नकाशा बघून घ्या.

आणि चौथा पंख कापण्याआधी तिन्ही मोडके पंख घरच्या काट्यावर तोलायला सांगा. वजन किती, बुडापासून किती सेंटिमीटरवर मोडला, हे वहीत लिहून ते पान मला पाठवू द्या. पुढचं पत्र त्याच्या हातचं हवं.