रोज एक पोस्ट नको, आधी भरीत लिहा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळला तो असा: पाडव्याला ब्लॉग सुरू केलात. विषय खानदेशातलं घरचं खाणं आणि आजीकडून ऐकलेलं सगळं, राहता पुण्यात. पहिल्या महिन्यात ११ पोस्टी, मग गणपतीपर्यंत २, त्यानंतर शुकशुकाट. शेवटच्या पोस्टीला १४ वाचनं, त्यातली ६ तुमचीच. आता १ जानेवारीपासून 'रोज एक पोस्ट' असा संकल्प सोडावा, की ब्लॉगच बंद करावा? आणि नाव बदलून काही फरक पडेल का?

रोज एक नको. हे मी तोंड पोळून घेतलेलं आहे म्हणून सांगते. २००९ पासून मी पुण्यातल्या झाडांवर लिहितेय आणि माझा ब्लॉग मधे दोनदा मेला. पहिल्यांदा तो माझ्या संकल्पानेच मेला. नोव्हेंबरभर रोज एक पोस्ट टाकायची, असा एक उपक्रम इंग्रजी ब्लॉगवाल्यांनी २००६ मध्ये सुरू केला होता. २०११ मध्ये मला हुक्की आली. ३० दिवसांत ३० पोस्टी टाकल्या, अगदी मोजून. त्यातली १९ तारखेची पोस्ट म्हणजे दारातल्या देशी बदामाच्या एका पानाचा फोटो आणि खाली 'आज वेळ नाही'. २३ तारखेला झाडांवरचे सुविचार. अजून आहेत ते ब्लॉगवर, मी काढले नाहीत, शिक्षा म्हणून ठेवलेत. ३० तारखेला हुश्श केलं आणि जी बसले ती पुढच्या एप्रिलपर्यंत उठले नाही.

एप्रिलमध्ये उठले तेही बहाव्यामुळे. कोपऱ्यावरचा बहावा फुलला आणि घरात वाद झाला, की मागच्या वर्षी इतक्या लवकर फुलला होता का. नवरा म्हणाला नाही, मी म्हणाले हो. उत्तर माझ्याच ब्लॉगवर सापडलं, तारखेसकट. (तो बरोबर होता.) तोवर मी ब्लॉगला व्यासपीठ समजत होते, तिथे उभं राहून लोकांना काहीतरी सांगायचं. त्या दिवशी पहिल्यांदा तो मला घरातल्या हिशेबाच्या वहीसारखा वापरता आला. तेव्हापासून दर वर्षी काटेसावर, पांगारा, बहावा, ताम्हण यांची पहिली फुलं कधी दिसली याची नोंद टाकते. कधी चार ओळी, कधी चार पानं. ब्लॉग त्यावर चाललाय.

म्हणून 'महिन्यात किती लिहू' हे तूर्त बाजूला ठेवा. ५ वर्षांनी तुम्ही स्वतः या ब्लॉगवर काय शोधायला याल, ते आधी ठरवा.

मी तुमच्या १३ही पोस्टी वाचल्या. रागावू नका, पण 'खानदेशी खाद्यसंस्कृती: एक ओळख' वाचताना जांभई आली. तसले परिच्छेद कुठेही मिळतात, आणि तुम्हालाही ते लिहिताना कंटाळाच आला असणार. दुसऱ्या परिच्छेदानंतर वाक्यं लांब होत जातात त्यावरून कळतं. बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, पोस्ट मात्र मी नवऱ्याला वाचून दाखवली. ज्वारी किती दिवस भिजवायची यावरून आजी आणि मोठ्या काकूंचं भांडण, गच्चीवर कावळ्यांसाठी उघडून ठेवलेली आजोबांची काळी छत्री, 'घाटा खायला मिळेल म्हणून आम्ही आजारी असल्याचंही विसरायचो' हे वाक्य (घाटा म्हणजे बिबड्यांसाठी शिजवलेलं पीठ). हे दुसरं कुणी लिहू शकत नाही. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ही माहिती शोधली की सापडते. तुमच्या आजीच्या परसात ते बी कुणाकडून आलं होतं, हे फक्त तिला माहीत आहे. कळण्याच्या भाकरीला तुमच्या घरी ज्वारीत उडीद किती घालतात, हेही तिलाच.

आता ध्येयाचं. तुमच्या विषयाला आयतं वेळापत्रक आहे आणि तुम्ही ते वापरतच नाही आहात! थंडीत भरीत, उन्हाळ्यात बिबडे आणि वाळवणं, वैशाखात आखाजी (अक्षय्य तृतीया), श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईचा सण, मग पोळा. मधे पुरणाचे मांडे, वरण-बट्टी, शेवभाजी यांना कुठलाही मुहूर्त चालतो. वर्षाला ८ ते १० पोस्टी झाल्या तरी खूप झाल्या. जानेवारीत बसून 'या वर्षी ५०' असं लिहून ठेवण्यापेक्षा 'आखाजीच्या आत आखाजीची पोस्ट' हे पाळणं सोपं असतं, कारण आखाजी पुढे ढकलता येत नाही.

८-१० हा आकडा तुम्हाला क्षुल्लक वाटेल. २०२० मध्ये ब्लॉगवाल्यांत वर्षभरात १०० पोस्टी लिहायचं एक आव्हान निघालं, तेव्हा माझ्या ओळखीतल्या दोघांनी ते घेतलं आणि दोघेही चाळीस पोस्टींच्या आत गळाले. आकडा अशक्य आहे असं नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं लिहिली. आपण त्यांना शतपत्रे म्हणतो, भरतात १०८, आणि ती साधारण दोन वर्षांतली. म्हणजे आठवड्याला एक. वय पंचविशीचं, सरकारी नोकरी सांभाळून. पण हिशेबात एक गोष्ट धरायची राहते: तिकडे दर आठवड्याला अंक निघत होता आणि भाऊ महाजनांसारखा संपादक मजकुराची वाट बघत होता. तुमच्या-माझ्या मागे कुणी उभं नाही. मला बहावा लागतो, तुम्हाला आखाजी लागेल.

दुसरी अडचण पोस्टीच्या लांबीची. तुमच्या पहिल्या पोस्टी १२०० शब्दांच्या आसपास आहेत. तशी पुन्हा लिहायची म्हणजे अख्खा रविवार पाहिजे, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला अख्खा रविवार वर्षातून चार-पाच वेळा मिळतो. मी दोन लेबलं केली आहेत, 'नोंद' आणि 'लेख'. नोंदीला सुरुवात-शेवट काही नसतो. 'आज मंडईत पहिली वाल पापडी दिसली, भाव विचारून पुढे गेले' एवढीही चालते. लेख वर्षात तीन-चार होतात, आणि ते बहुतेक जुन्या नोंदी एकत्र केल्यावरच होतात. नोंद टाकताना लाज वाटते हे खरं. मला पहिली दोन वर्षं वाटायची. मग लक्षात आलं, की लोक प्रतिसाद नोंदींनाच जास्त देतात, कारण लेखावर बोलायला त्यांना वाटतं आपल्यालाही काही माहीत असायला हवं.

आजीशी फोनवर बोलता ना, तेव्हा तिला विचारून रेकॉर्ड करा. शहाणपणाने प्रश्न काढू नका. 'आज काय केलंस जेवायला' एवढं पुरतं, पुढचं ती सांगते. फोनच्या कीबोर्डवर मराठीत बोलून टंकता येतं, ते मी भरपूर वापरते. पण आजीचं बोलणं त्याला ऐकवू नका, तो तिची अहिराणी झाडूनपुसून प्रमाण मराठी करून देईल. ते हातानेच उतरवा, तिने म्हटलं तसंच. तुराट्या, पऱ्हाट्या हे शब्द तिने वापरले तर 'तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्या' असा खुलासा पुढच्या वाक्यात येऊ द्या, पण तिचा शब्द आधी.

वाचकांच्या आकड्यांचं थोडक्यात. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेच्या आकडेवारीत स्वतःच्या भेटी न मोजण्याची सोय आहे, ती चालू करा म्हणजे ते ६ जातील. उरलेल्या ८ मध्येही एखाददुसरी भेट माणसाची नसून आपोआप पानं चाळणाऱ्या संगणकाची असेल. आठवड्यातून एकदाच बघायचे. पोस्ट टाकल्याच्या रात्री तर मुळीच नाही. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर, म्हणजे आवडत्या ब्लॉगांच्या नव्या पोस्टी एका जागी वाचायची सोय, बंद झाला तेव्हा माझे नेमाने येणारे वाचक एका महिन्यात निम्म्यावर आले. माझ्या लिखाणात त्या महिन्यात काहीही बदललं नव्हतं. मग मंडळी फेसबुकवर गेली, मग व्हॉट्सअ‍ॅपवर. व्हॉट्सअ‍ॅपवर तर मजा झाली. माझी ताम्हणाची पोस्ट मलाच मावसबहिणीकडून आली, वर 'जरूर वाचा', खाली भलत्याच गृहस्थांचं नाव. आठवडाभर धुसफुसत होते. हल्ली ब्लॉगचं नाव शेवटी न टाकता मजकुराच्या मधल्या एखाद्या वाक्यातच गुंफते. ढकलपत्रवाले शेवटची ओळ कापतात. मधलं वाचतच नाहीत, त्यामुळे ते टिकतं.

शोधून येणारे लोक मात्र खरे वाचक असतात, त्यांची सोय करा. ब्लॉगरवर शीर्षक मराठीत दिलं, की पोस्टीच्या पत्त्यात नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि एक आकडा येतो. प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडे पर्मालिंकमध्ये (पोस्टीच्या कायमच्या पत्त्यात) जाऊन रोमन अक्षरांत पदार्थाचं नाव हाताने घाला. नंतर बदललं तर जुना पत्ता मोडतो. एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं मजकुरात येऊ द्या: आखाजी आणि अक्षय्य तृतीया, कानबाई आणि कानुबाई. ब्लॉगवर गूगलच्या जाहिराती लावून पैसे मिळवण्याचा विचार इतक्यात नको. अ‍ॅडसेन्सचे १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे हातात येत नाहीत आणि मला ते जमायला ३ वर्षं लागली. तेवढ्यात पानावर नको त्या गोळ्यांच्या जाहिराती दिसायला लागल्या म्हणून काढून टाकल्या.

खंड पडेल. पडू द्या, फक्त त्यावर पोस्ट लिहू नका. मराठीतल्या बंद पडलेल्या ब्लॉगांवर एक चक्कर मारा. निम्म्यांवर सगळ्यात वरची पोस्ट हीच असते: 'बऱ्याच दिवसांनी लिहितोय, क्षमस्व, आता नियमित लिहीन.' तारीख चार-पाच वर्षांपूर्वीची. माझा ब्लॉग दुसऱ्यांदा मेला तो आईच्या आजारपणात. १४ महिने एक अक्षर नाही. परत आले तेव्हा काय लिहावं सुचेना, म्हणून 'ताम्हण फुललं' एवढंच टाकलं, फोटोसुद्धा नाही. संध्याकाळी एका अनोळखी बाईंचा प्रतिसाद आला: 'आमच्याकडे नाशकात अजून नाही.' कुठे होता, काय झालं, काही नाही. मला फार बरं वाटलं.

कंटाळवाणं पण आवश्यक काम एकच. वर्षातून दोनदा सगळं उतरवून घ्या. सेटिंग्जमध्ये बॅकअपची सोय आहे, त्यात लेख आणि प्रतिसाद येतात, फोटो येत नाहीत. ते वेगळे जपा. गूगलचं खातं सलग दोन वर्षं वापरलं नाही तर ते काढून टाकण्याचा नियम आता आहे, तेव्हा ब्लॉगसाठी वेगळं खातं काढलं असेल तर त्यात अधूनमधून डोकावत जा. माझ्या वडिलांनी त्यांच्या गावच्या आठवणी २००१-०२ मध्ये संगणकावर टंकून ठेवल्या होत्या, त्या काळच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखी दिसावीत म्हणून ठरलेली पद्धत). फाइल अजून उघडते. आत सगळी रोमन अक्षरं आणि स्वल्पविरामांची भेळ. तो फॉन्ट शोधून थोडं वाचलं, बाकी जोडाक्षरांचा अंदाज घेत बसावं लागतं. तुम्ही युनिकोडमध्ये लिहिताय, हा त्रास तुमच्या नातवंडांना नाही. फाइल मात्र हाताशी पाहिजे.

तर पहिलं काम भरीताचं, थंडी आहे तोवर. या सुट्टीत गावी जाणार असाल तर वांगी भाजताना कुणाच्या हातात काय आहे, काड्या कुठून आणल्या, ठेचायला लाकडाचं कुठलं भांडं काढलं, मिरच्या किती आणि त्यावरून कोण कुणाला बोललं, हे तिथेच फोनमध्ये टिपा. परतीच्या गाडीत नोंद टाका. लेख नंतर होईल, नाही झाला तरी चालेल.

नावाबद्दल: वरचं शीर्षक हवं तेव्हा बदला, त्याने काही बिघडत नाही. पत्ता बदलू नका, तुमच्या १३ पोस्टींचे दुवे तुटतील. कुणाच्या फोनमध्ये असतील असं विचाराल तर, निदान तुमच्या आईच्या. आणि माझ्याही, कारण गेल्या आठवड्यात मी तुमची बट्टी करून पाहिली. गहू किती जाड दळायचे हे तुम्ही लिहिलेलंच नाही. दोनदा वर-खाली करून शोधलं. तेवढं आजीला विचारून घाला.